आकारावरून आकारणी: वीजग्राहकांच्या गटवारीची पार्श्वभूमी

वीजबिलात 'आकार' हा शब्द पैशांसाठी येतो: स्थिर आकार, मागणी आकार, वीज आकार. आलेखाबद्दल बोलताना तोच शब्द वक्राची ठेवण सांगतो. ग्राहक दिवसभरात वीज कोणत्या धाटणीने वापरतो ते पाहून गट पाडावेत आणि दर त्या गटांना लावावेत, असा प्रस्ताव गेली वीस-पंचवीस वर्षे दरनिश्चितीच्या चर्चेत पुन्हापुन्हा येतो. त्यात पहिला आकार दुसऱ्यावरून काढायचा असतो. कल्पना जुनीच आहे, नवे आहे ते मोजमाप. मीटरला जे मोजता येत होते तेच प्रत्येक काळात गटाचे लक्षण ठरत गेले. जे मोजता येत नव्हते त्याचा दरात विचारच झाला नाही.

सुरुवातीचा भाग थोडक्यात उरकता येतो. पहिल्या वीजकेंद्रांचा माल म्हणजे दिव्यांचा उजेड. काही ठिकाणी तर बिल दिव्यांच्या संख्येवरच असे. १८९२ साली लंडनमधल्या एका व्याख्यानात एका अभियंत्याने मांडले की वीज देण्याचा खर्च दोन प्रकारचा आहे: एक प्रत्यक्ष दिलेल्या युनिटांचा आणि दुसरा केव्हाही देता यावी म्हणून सज्ज राहण्याचा. हा दुसरा खर्च ग्राहक एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढू शकतो त्यावर ठरतो, म्हणून बिलाचेही दोन भाग हवेत. पुढे त्यात ग्राहक सांभाळण्याच्या खर्चाचा तिसरा भाग आला. आजच्या दरपत्रकाचा सांगाडा एवढाच आहे.

थांबायला हवे ते याच दशकात ब्रायटन या इंग्लंडच्या समुद्रकाठच्या शहरात तयार झालेल्या कमाल मागणी दर्शकापाशी. काचेची 'यू'च्या वळणाची, दोन्ही टोकांना बंद नळी, आत द्रव. एका टोकाच्या फुग्याभोवती तार गुंडाळलेली, तिच्यातून ग्राहकाचा प्रवाह जायचा. प्रवाह वाढला की तार तापे, फुग्यातली हवा फुगे आणि द्रव दुसऱ्या बाजूला सरके. ठरावीक पातळीच्या वर गेलेला द्रव बाजूच्या बारीक नळीत सांडे आणि तिथेच राही. महिन्याच्या शेवटी माणूस येऊन त्या नळीतली उंची वाचायचा, नळी कलती करून द्रव परत जागेवर आणायचा. क्षणभराच्या उसळीने ती हलत नसे, भार काही मिनिटे टिकावा लागे. उपकरण म्हणून ते आजही दाद द्यावी असेच आहे. पण सर्वाधिक मागणी किती झाली एवढेच त्या नळीला कळे. ती केव्हा झाली हे सांगायची सोय तिच्यात नव्हती.

या उणिवेला त्या काळी फारसा अर्थ नव्हता. सगळे ग्राहक दिवेच लावत आणि दिवे लावायची वेळ सगळ्यांची एकच, त्यामुळे ग्राहकाची स्वतःची कमाल मागणी आणि केंद्राची कमाल मागणी जवळजवळ एकत्रच येई. दिवसा चालणाऱ्या मोटारी आणि ट्रामगाड्या आल्यावर या दोन गोष्टींची फारकत झाली. तोवर सूत्र दरपत्रकात मुरले होते.

फरक किती पडतो ते तीन काल्पनिक ग्राहकांवरून बघू. तिघांचाही वापर महिन्याला ३०० युनिट, म्हणजे रोज १० युनिट. पहिला चोवीस तास सारखीच वीज घेतो, सुमारे ०.४२ किलोवॅट. दुसरा संध्याकाळी ६ ते ११ या वेळात २ किलोवॅट घेतो, बाकी शून्य. तिसराही २ किलोवॅटच घेतो, पण सकाळी १० ते दुपारी ३. स्लॅबच्या दराने तिघांचे बिल एकच. भारांक, म्हणजे सरासरी मागणी कमाल मागणीच्या किती टक्के ते, काढला तर पहिल्याचा १०० टक्के, उरलेल्या दोघांचा सुमारे २१ टक्के, आणि तो दोघांचा अगदी सारखा. कमाल मागणीवर आकार लावला तरी दुसरा आणि तिसरा एकाच पारड्यात. आता यंत्रणेवरचा सर्वाधिक ताण रात्री ८ वाजता येतो असे धरा. त्या क्षणी पहिल्याचा वाटा ०.४२, दुसऱ्याचा २ आणि तिसऱ्याचा शून्य. ज्याच्यामुळे नवे केंद्र उभारावे लागते तो दुसरा, आणि त्यात ज्याचा काडीचाही हात नाही तो तिसरा. पन्नास-साठ वर्षे दरपत्रकांनी या दोघांना एकच मानले. याला कुणी तडजोड म्हणेल. मला ती चूकच वाटते, मात्र हातात असलेल्या साधनाने करायला लावलेली चूक.

वेळेचा विचार दरात पद्धतशीर आणला तो फ्रान्सने. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या उच्चदाबाच्या ग्राहकांना ऋतू आणि तास पाहून वेगवेगळे दर लागू झाले. घरगुती ग्राहक मात्र बहुतेक देशांत घरगुतीच राहिला. वापर कसा आहे यापेक्षा कशासाठी आहे यावर वर्ग ठरवणे सोपे पडे: राहायला, दुकानाला, कारखान्याला, शेतीला. पाटी वाचता येते, दिवसभराच्या वापराचा वक्र वाचता येत नाही. शिवाय कुणाला स्वस्त आणि कुणाला महाग द्यायची हा राजकीय निर्णय पाटीवर बेमालूम बसतो. क्रॉस सबसिडीची, म्हणजे एका वर्गाकडून जास्त घेऊन दुसऱ्याला स्वस्त देण्याची, मुळे इथेच आहेत, पण तो स्वतंत्र विषय आहे.

पाटीमागचा वक्र बघण्याची सक्ती पहिल्यांदा झाली ती अमेरिकेत. १९७८ च्या एका संघीय कायद्याने मोठ्या वीजकंपन्यांना प्रत्येक ग्राहकवर्गासाठी लागणाऱ्या खर्चाची माहिती गोळा करायला लावली. नियमांनी अचूकतेची अटही घातली: यंत्रणेच्या आणि त्या वर्गाच्या कमाल मागणीच्या वेळचा अंदाज ९० टक्के विश्वासपातळीवर अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवा. मग नमुन्यादाखल निवडलेल्या ग्राहकांकडे पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद चुंबकीय फितीवर करणारे रेकॉर्डर बसले. लोड रिसर्च नावाचा, ग्राहकांचे वक्र अभ्यासणारा, कंपन्यांमधला स्वतंत्र विभाग यातून बळावला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की वर्ग आधीच ठरलेले होते. प्रश्न 'घरगुती वर्गाचा वक्र कसा आहे' एवढाच होता. 'घरगुती हा खरोखर एक वर्ग आहे का' हे विचारायला नमुनाच अपुरा होता.

१९९० च्या दशकात बाजार खुले झाले आणि गटवारीला वेगळेच काम लागले. कोणताही विक्रेता निवडण्याची मुभा ब्रिटनमध्ये आधी मोठ्या ग्राहकांना मिळाली, १९९४ मध्ये १०० किलोवॅटच्या वरच्यांना आणि १९९८-९९ मध्ये घरांना. घाऊक बाजाराचा हिशेब दर अर्ध्या तासाचा, आणि घराचे मीटर मात्र काही महिन्यांतून एकदा वाचले जाणारे. ही दरी बुजवायला आठ प्रोफाइल वर्ग ठरवले गेले, म्हणजे प्रत्येक वर्गाला एक नमुना वक्र, आणि मीटरवरचे युनिट अर्ध्या-अर्ध्या तासांत वाटायचे ते त्यावरून. घरांसाठी दोन, छोट्या बिगरघरगुती ग्राहकांसाठी दोन, आणि कमाल मागणी मोजली जाणाऱ्यांसाठी चार. हे शेवटचे चार भारांकाच्या पट्ट्यांवर: २० टक्क्यांपर्यंत, २० ते ३०, ३० ते ४०, आणि त्यापुढे. जर्मनीनेही त्याच सुमारास घरगुती, व्यावसायिक आणि शेती अशी प्रमाणित प्रोफाइल छापून दिली.

इथे शब्दाचा जो गुंता झाला तो अजून सुटलेला नाही. हे वर्ग दरासाठी नव्हतेच. कोणत्या विक्रेत्याने कोणत्या अर्ध्या तासाचे किती पैसे भरायचे, एवढ्या हिशेबासाठी ते होते. पण 'वर्ग' म्हटले की दरवर्गच डोळ्यांपुढे येतो, आणि नंतरच्या कितीतरी अहवालांत प्रोफाइल वर्ग आणि दरवर्ग सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले सापडतात. त्यात संशोधकांनी तिसरा शब्द आणला, क्लस्टर. मराठीत त्यालाही आपण 'गट' किंवा 'वर्ग'च म्हणतो. या लेखापुरते तरी असे धरू: वर्ग निकष सांगून आधी ठरवतात, गट आकडेवारीतून नंतर निघतो.

गट काढण्याच्या गणिती पद्धती विजेसाठी जन्मल्या नव्हत्या. के-मीन्स १९५०-६० च्या दशकातली, श्रेणीबद्ध गटवारीही तेव्हाचीच, स्वयंसंघटित नकाशे १९८० च्या आसपासचे. २००० नंतरच्या पहिल्या दशकात, विशेषतः इटली आणि पोर्तुगालमधल्या संशोधकांनी, त्या वीजग्राहकांच्या वक्रांवर लावल्या. निष्कर्ष साधारण एकच येई: व्यवसायाची पाटी आणि वक्राचा आकार यांचा मेळ फार कमी बसतो. एकाच पाटीखाली चार-पाच धाटण्या आणि एकाच धाटणीत दहा प्रकारच्या पाट्या. पाटीवरची वर्गवारी मोडीत काढा, असे त्यावरून सुचवले जाऊ लागले.

मात्र त्या प्रयोगांमधली एक पायरी नेहमी एका ओळीत उरकली जाई. माझ्या मते सगळा वाद तिथेच आहे. गटवारीआधी प्रत्येक ग्राहकाचा वक्र त्याच्या स्वतःच्या कमाल मागणीने भागायचा, म्हणजे सगळे वक्र ० ते १ मध्ये बसतात. कारण पटण्यासारखे आहे. भागले नाही तर गट आकाराऐवजी उंचीवरून पडतात, मोठे एकीकडे, छोटे दुसरीकडे, आणि ते तर मंजूर भार बघूनही कळते. पण भागल्यावर संध्याकाळी २ किलोवॅट घेणारे घर आणि त्याच वेळी २०० किलोवॅट घेणारी आस्थापना शब्दशः एक होतात. गट आकाराने एकजीव आणि खर्चाने विजोड. दोन्ही तऱ्हेने प्रयोग झाले आहेत, कुठे सरासरीने भागतात, कुठे दिवसाच्या एकूण युनिटांनी. भाजक बदलला की गट बदलतात. म्हणजे 'आकडेवारीत हे गट सापडले' हे विधान अर्धेच खरे आहे, उरलेले अर्धे भाजकाने ठरवलेले असते. आणि सगळ्यात रूढ भाजक कोणता, तर ग्राहकाची स्वतःची कमाल मागणी. ब्रायटनची काचेची नळी शंभर वर्षांनी संगणकात परत आली.

दुसरी अडचण अंतर मोजण्याची. समजा एका ग्राहकाचा वापर फक्त सकाळी ७ ते ८ या तासात आहे, दुसऱ्याचा ८ ते ९ मध्ये आणि तिसऱ्याचा दुपारी ३ ते ४ मध्ये. माणसाला पहिले दोघे सारखे दिसतात. तास-तास जुळवून अंतर काढणाऱ्या सूत्राला तिघेही एकमेकांपासून सारख्याच अंतरावर दिसतात. वर अशा ग्राहकांना एका गटात घालून सरासरी काढली की टोकदार शिखरांच्या जागी एक पसरट उंचवटा उरतो, आणि तसा वापर त्या गटातला कुणीच करत नाही. दर मात्र त्या उंचवट्यावरून ठरायचा. मीटरचे घड्याळ तासभर चुकलेले असले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. अशा मीटरांचाही एक देखणा, घट्ट गट तयार होतो.

इटलीत २००० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातच कोट्यवधी दूरवाचनाची मीटरे बसली, मग इतरत्र. नमुन्याची टंचाई संपली तशी आणखी एक गोष्ट उघडी पडली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात सुमारे २ लाख २० हजार ग्राहकांचे तासातासाचे वाचन होते. त्यात ग्राहकांऐवजी एकेका दिवसाच्या वक्रांचे गट पाडले. काही घरे वर्षभर एकाच धाटणीची, तर काही जवळजवळ रोज नव्या. या दुसऱ्या प्रकारच्या घराला कोणता दर लावणार? सरासरी वक्राने या घरांची ओळख पुसली जात होती, आणि सरासरी वक्र घेणे हीच आधीच्या दशकाची रीत होती.

दर ठरवणाऱ्यांची पंचाईत त्याहून साधी आहे. दरपत्रक हा जाहीर कागद असतो. आपण कोणत्या वर्गात आहोत आणि का, हे ग्राहकाला आधी कळले पाहिजे. 'तुमचा वक्र गट क्रमांक ४ च्या मध्यबिंदूला जवळचा आहे' हे उत्तर तक्रार मंचापुढे टिकत नाही. नव्या जोडणीला तर वक्रच नसतो. त्यावर उपाय म्हणून मंजूर भार, दाबपातळी, व्यवसाय अशा आधी माहीत असलेल्या गोष्टींवरून गट ओळखणारे निर्णयवृक्ष, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत गटापर्यंत नेणारे तक्ते, बांधले गेले. म्हणजे पाटी मागच्या दाराने पुन्हा आत. त्यात दर बदलला की वापर बदलावा हाच तर हेतू, आणि वापर बदलला की गट मोडतो. गट दर वर्षी नव्याने काढावेत तर बिलाचा भरवसा राहत नाही, गोठवावेत तर ते लवकरच शिळे होतात.

छपरावरच्या सौर पॅनेलांनी हा वाद कोर्टात नेला. अशा ग्राहकाचे दुपारचे वाचन खाली जाते, संध्याकाळचे तसेच राहते. त्याच्या वक्राची ठेवण वेगळी हे नाकारता येत नाही. कॅन्सस राज्यातल्या एका वीजकंपनीने त्याच आधारावर सौर घरांसाठी वेगळा दर केला आणि त्यात मागणी आकार घातला. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याच्या कायद्याला न जुमानणारा भेदभाव ठरवला. कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही, तारा आणि रोहित्रे संध्याकाळसाठी ठेवावीच लागतात. पण स्वतःची वीज करणाऱ्यांनी जादा दर भरायचा नाही, असे तिथला कायदा म्हणत होता, आणि वक्राच्या ठेवणीला त्यापुढे जागा नव्हती.

ब्रिटनमध्ये आता सगळ्याच ग्राहकांचा हिशेब अर्ध्या तासावर नेण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे, आणि ते जुने आठ प्रोफाइल वर्ग निरोपाच्या वाटेवर आहेत. ज्यांच्याकडे जुनेच मीटर आहे, किंवा ज्यांनी अर्ध्या तासाचे वाचन द्यायला नकार दिला आहे, त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. त्यांच्यासाठी त्यांच्यासारख्याच ग्राहकांच्या स्मार्ट मीटरमधून आलेल्या ताज्या वाचनाचा वक्र काढतात आणि त्यांचे युनिट त्यावर पसरतात. 'त्यांच्यासारखे' म्हणजे कोण, हे त्याआधी ठरवावे लागते.