सूक्ष्मछिद्री पॉलिमर आणि पाण्यातल्या इलेक्ट्रोडवरच्या वायूंच्या अभिक्रिया

पाण्यात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवर वायूची अभिक्रिया करायची म्हटलं की घोडं बहुतेकदा पुरवठ्यावरच अडतं. २५ अंशाला, हवेशी संपर्क असलेल्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच हवेत असतो २७० च्या आसपास. त्यामुळे कॅटॅलिस्ट (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) कितीही भारी असू दे, अगदी प्लॅटिनम, पृष्ठभागाजवळचा ऑक्सिजन पटकन संपतो आणि पुढचा पाण्यातून येईपर्यंत करंट काही वाढत नाही. यावर एक उपाय म्हणजे सूक्ष्मछिद्री पॉलिमरचं पातळ कोटिंग.

यातला सगळ्यात गाजलेला पिम-१ (पिम म्हणजे polymer of intrinsic microporosity, मुळातच सूक्ष्मछिद्री असलेला पॉलिमर). तो २००४ मधे मँचेस्टरला पीटर बड आणि नील मॅककीऊन यांच्या गटानं पुढे आणला. नेहमीच्या पॉलिमरच्या साखळ्या वळतात, वाकतात आणि एकमेकींना खेटून बसतात, याची साखळी मात्र शिडीसारखी कडक आणि मधेमधे वाकडी, त्यामुळे ती नीट रचून बसूच शकत नाही आणि २ नॅनोमीटरपेक्षा लहान पोकळ्या आपोआप राहून जातात. एका ग्रॅमात आतला पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या वर. आणि एवढं असून क्लोरोफॉर्ममधे सरळ विरघळतो (झिओलाइटला, म्हणजे तशाच बारीक छिद्रांच्या खनिजाला, हे जमणार नाही), म्हणजे पिवळ्या द्रावणाचा थेंब इलेक्ट्रोडवर टाकायचा, वाळू द्यायचा, झालं काम.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत या पॉलिमरवर बरंच काम बाथ विद्यापीठात फ्रँक मार्केन यांच्या गटानं केलंय. मुद्दा असा की या पोकळ्यांना पाणी फारसं आवडत नाही, पण ऑक्सिजन, हायड्रोजनसारखे वायू आत छान मावतात. म्हणजे इलेक्ट्रोडला चिकटूनच पॉलिमर, पाणी आणि वायू असे तिघं एकत्र येतात आणि वायूचा साठा हाताशी राहतो. हायड्रोजनच्या बाबतीत हे चांगलं दिसतं, व्होल्टेज खाली नेलं की इलेक्ट्रोडवर हायड्रोजन तयार होतो आणि एरवी तो बराचसा पाण्यात निसटतो, पण कोटिंगमधे अडकून राहिला तर व्होल्टेज परत वर आणताना तोच जळतो (म्हणजे इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतो) आणि करंटचं शिखर मोठं येतं.

पण याचा अर्थ फुकटचा करंट मिळतो असा अजिबात नाही! साठा वापरला की संपतो, तो बाहेरून भरला जायलाच हवा, त्यामुळे क्षणभराचा मोठा करंट बघून लगेच हुरळून जाऊ नये, सलग चालवल्यावर किती टिकतो ते बघावं. शिवाय पाणी आणि आयन इलेक्ट्रोडपर्यंत पोचलेच नाहीत तर अभिक्रियाच बंद, म्हणून थर जाड किंवा फार घट्ट झाला की फायदा जाऊन अडथळाच होतो.

पिम-ईए-टीबी नावाचा भाऊबंद जरा वेगळा वागतो. त्यात अमाइनचे नायट्रोजन असतात, आम्ल पाण्यात ते प्रोटॉन घेतात, साखळीवर धन भार येतो आणि मग ऋण आयन आत येऊन बसतात, म्हणजे पीएच बदलला की तोच थर वेगळं वागायला लागतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू मात्र बारीक छिद्रांमुळे बाहेरच राहतात, त्यामुळे खालचा कॅटॅलिस्ट त्यांच्यामुळे खराब होत नाही.