नवी मुंबईतलं 'नवी' आणि मॉडर्न आर्टमधलं 'मॉडर्न'

वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. नवी मुंबईतल्या जुन्या इमारती म्हटलं की पुण्याहून आलेला पाहुणा हसतो. आपल्याला काहीच वाटत नाही, कारण 'नवी' हे आता विशेषण राहिलेलं नाही, आडनाव झालंय. मॉडर्न आर्टचंही तेच. पिकासोने ज्या चित्रातून पाच बायकांचे चेहरे कोनाकोनांत फोडून ठेवले, ते १९०७ सालचं आहे. पणजोबांच्या काळातलं चित्र, तरी नाव मॉडर्नच. मग पुढे जे आलं त्याला काय म्हणायचं? पोस्टमॉडर्न, मराठीत उत्तर-आधुनिक.

बहुतेकांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच: जे कळत नाही ते. म्हणून ओळखताना चित्र किती वेडंवाकडं आहे हे बघूच नये. त्यामागच्या माणसाचा भरवसा कशावर आहे, ते बघावं.

१८३९ मध्ये कॅमेरा जगापुढे आला आणि हुबेहूब चेहरे रंगवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. दोन वर्षांनी ट्यूबमधले रंग आले, त्यामुळे चित्रकाराला रंग खिशात घालून उघड्यावर जाता आलं. रेल्वे धावू लागली, गावं रिकामी होऊन शहरं फुगली. हुबेहूबपणा कॅमेऱ्याने नेल्यावर चित्राचं स्वतःचं म्हणून काय उरतं, हा प्रश्न आधुनिकांनी गंभीरपणे घेतला. उत्तर मिळालं रंग, रेषा, सपाट पृष्ठभाग. डच चित्रकार मोंड्रियान शेवटी उभ्या-आडव्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढ्यावर आला. ही थट्टा नव्हती. जुनं सगळं झाडून काढलं तर खाली काहीतरी शुद्ध, सगळ्या माणसांना लागू पडेल असं सापडेल, ही श्रद्धा होती. वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९२३ मध्ये घराला 'राहण्याचं यंत्र' म्हटलं ते त्याच श्रद्धेने. आपल्याकडे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हाही नव्या देशाला नवी चित्रभाषा हवी ही ओढ होतीच.

ही श्रद्धा म्हणजे नेमकं काय, हे बघायला पॅरिसला जायला नको. ठाण्याहून वाशीची लोकल पकडा. वास्तुकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, अभियंते शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. आळी नाही, पेठ नाही, पाडा नाही. सेक्टर आणि त्याचा नंबर. कागदावर नीट आखलं तर माणसाचं जगणंही नीट होईल, हा आधुनिक भरवसा इथे सिमेंटमध्ये उभा आहे. मला तो भाबडा वाटतो, पण त्याची चेष्टा करवत नाही. रुंद रस्ते आणि झाडं आपण अजून त्याच्याच जिवावर उपभोगतो.

फक्त तो कागद कोरा नव्हता. त्यावर आगरी-कोळ्यांची गावं होती, मिठागरं होती, भातशेती होती. जानेवारी १९८४ मध्ये जमिनी गेलेल्यांच्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. आंदोलकांनी पोस्टमॉडर्न हा शब्द ऐकला असण्याचं कारण नाही. पण 'सगळ्यांच्या भल्याचा आराखडा' यातले सगळे म्हणजे कोण, हा त्यांचा प्रश्न आणि उत्तर-आधुनिकांचा प्रश्न सख्खे शेजारी आहेत.

पाश्चात्त्य देशांत हा भरवसा दोन महायुद्धांनी, व्हिएतनामने आणि दिवसभर चालणाऱ्या टीव्हीने पोखरला. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये आधुनिक पद्धतीने बांधलेली प्रुइट-आयगो ही अख्खी वसाहत १९७२ पासून सुरुंग लावून पाडायला घेतली. त्याआधीच, १९६४ मध्ये, अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी गॅलरीत रचली होती. प्रश्न बदलला होता. 'चित्र म्हणजे काय' हे मागे पडलं, 'ते कोण ठरवतं' हे पुढे आलं. शुद्धतेऐवजी भेसळ, गांभीर्याऐवजी टोमणा, नवनिर्मितीऐवजी उसनवारी. घोडबंदर रोडला पातलीपाड्याच्या टॉवरांवरचे शोभेचे रोमन खांब आठवा. कट्टर आधुनिक वास्तुकार ते बघून डोळे मिटून घेईल. उत्तर-आधुनिक म्हणेल, रोमही हवं आणि लिफ्टही हवी, बिघडलं कुठे? (बिल्डरने एवढा विचार केला नसेल म्हणा.)

तारखांवर मात्र फार विसंबू नका. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलं, म्हणजे 'ते कोण ठरवतं' हेच विचारलं, ते १९१७ मध्ये, आधुनिकतेच्या ऐन भरात.

आपल्याकडे हे वळण नव्वदच्या दशकात ठळक झालं. उदारीकरण, केबल टीव्ही, बाबरीनंतरच्या दंगली, सगळं दोन-तीन वर्षांत अंगावर आलं, आणि एका चौकटीत ते मावेना. घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर चित्रं काढली. त्यातल्या 'महालक्ष्मी'त शटरवर देवी आहे, कॅलेंडरवर असते तशी. शटर वर केलं की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. आधुनिक चित्रकाराने यातली एक प्रतिमा निवडली असती आणि ती तासत बसला असता. इथे दोन्ही प्रतिमा उसन्या आहेत, चित्र आहे ते शटर वर-खाली होण्यात.

आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धन? दिवसा रेडिओलॉजिस्ट म्हणून एक्स-रे बघायचे आणि चित्रांत लोकलमधली, कारखान्यांलगतची, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवायचे. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात ते भूपेन खक्कर, नलिनी मलानी यांच्यासोबत होते, आणि त्या सगळ्यांनी अमूर्ताकडे, म्हणजे नुसत्या रंग-रेषांच्या चित्रांकडे, पाठ फिरवून माणसं आणि गोष्टी पुन्हा चित्रात आणल्या. तिथे आधुनिकतेवरचा राग दिसतो. पण पटवर्धनांच्या कामगाराच्या पाठीत टोमणा शोधून सापडत नाही, माणसावरचा जुना भरवसा शाबूत आहे. मी त्यांना कुठल्याच खणात टाकत नाही.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेजही तसंच. आधुनिक म्हणून गाजलेल्या कोरियांनीच ऐंशीच्या दशकात तिथे सात-सात घरं एकेका अंगणाभोवती बसवली, आणि कुटुंब वाढेल तसं घर वाढवायची सोय ठेवली. लोकांनी ती मनावर घेतली. आज मूळचं कौलारू बैठं घर आणि ते पाडून उठवलेला, चकचकीत टाइल्सचा बंगला एकाच अंगणात समोरासमोर दिसतात.