संत योसेफाचे भोजन (सिसिली)

संत योसेफाचे भोजन : इटलीतील सिसिली बेटावर 19 मार्चला, मरियेचा पती आणि पेशाने सुतार असलेल्या संत योसेफाच्या सणाला, नवस फेडण्यासाठी मांडली जाणारी वेदी आणि तिच्यापुढे होणारे अन्नदान. स्थानिक लोक याला ‘चेना’ किंवा ‘ताव्होलाता’ म्हणतात. आजारातून उठलेले माणूस, परदेशातून सुखरूप परतलेला मुलगा, सुटलेले बाळंतपण अशा कारणांनी घरातली बाई सहसा हा नवस बोलते. मग शेजारपाजारच्या बायका कित्येक दिवस तिच्या घरी राबतात. पूर्वी साहित्यासाठी दारोदार मागून आणण्याचीही रीत होती. श्रीमंत घरानेसुद्धा संतासाठी हात पसरायचा, हे मला या प्रथेतले फार मोलाचे वाटते.

हा सण हिवाळा आणि वसंत यांच्या सांध्यावर येतो. कोठारातली जुनी कडधान्ये संपवायची असतात आणि रानात बडीशेपेचा कोवळा पाला फुटलेला असतो. ईस्टर लवकर येवो वा उशिरा, 19 मार्च ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातच पडतो. त्यामुळे जेवण कितीही भरगच्च असले तरी त्यात मांस नसते. मध्ययुगात मोठा दुष्काळ पडला, लोकांनी योसेफाचा धावा केला आणि पाऊस आला, तोवर बाकला या वालासारख्या कडधान्याच्या शेंगांनी बेट जगवले, अशी आख्यायिका सांगतात.

या प्रथेचे सर्वांत देखणे रूप त्रापानी प्रांतातील सालेमी या डोंगरी गावात दिसते. घरातल्या एका खोलीत लाकडी सांगाडा उभारून तो मर्टल आणि लॉरेलच्या हिरव्या डहाळ्यांनी मढवतात. त्यात संत्री, लिंबे आणि शेकडो छोटे पाव टांगतात. आत पायऱ्यापायऱ्यांची वेदी असते, वर पवित्र कुटुंबाचे, म्हणजे येशू, मरिया आणि योसेफ यांचे, चित्र. पावाचे पीठ बन्सी जातीच्या कडक गव्हाचे असते. ते घट्ट मळून चाकू, कात्री, कंगवा, अंगुस्तान अशा घरातल्याच हत्यारांनी त्यावर नक्षी काढतात. मोर, द्राक्षांचे घड, गुलाब, सूर्य, चंद्र, शिवाय सुताराचा हातोडा, पक्कड, खिळे, शिडी. भट्टीत जाण्यापूर्वी वरून फेटलेले अंडे फिरवले की पावाला तकाकी येते. पवित्र कुटुंबातल्या तिघांसाठी तीन मोठे पाव वेगळे घडवतात. योसेफाचा पाव काठीच्या आकाराचा, मरियेचा खजुराच्या झावळीचा आणि तिसरा बाळ येशूचा.

सणाच्या दिवशी गावातली तीन मुले, पूर्वी हटकून गरीब घरची, येशू, मरिया आणि योसेफ होऊन येतात. ती दार ठोठावतात, आसरा मागतात, आतून नकार मिळतो. तिसऱ्यांदा ठोठावल्यावर दार उघडते. यजमान त्यांचे हात धुतो आणि स्वतः वाढायला उभा राहतो. परंपरेने पदार्थ 101 असावेत असे मानतात. मुले प्रत्येकातला घास-दोन घास खातात आणि नवा पदार्थ आला की जमलेले लोक येशू, मरिया आणि योसेफ यांचा जयजयकार करतात. या तिघांचे होईपर्यंत घरच्यांनी किंवा पाहुण्यांनी अन्नाला शिवायचे नाही. नवसाचा खरा भार या नियमावर आहे.

पहिला मान पावाचा भाजलेला चुरा घातलेल्या पास्त्याचा. हा चुरा म्हणजे सुताराच्या दुकानातला भुसा, असे सांगतात. सालेमीत त्यात साखरही घालतात. ‘माक्कू’ हा सुक्या बाकल्याचा दाट, घोटलेला रस्सा. त्यात रानबडीशेपेचा पाला आणि वरून ऑलिव्ह तेल. काही गावांत त्यात मसूर, हरभरे असे उरलेले सगळे कडधान्य पडते. शिवाय आर्टिचोक, अंड्याचे पोळे, मासे, तळलेल्या भाज्या. गोडात पालेर्मोचे ‘स्फिंचे’ प्रसिद्ध आहेत. फुगवून तळलेल्या मऊ गोळ्यावर रिकोटा हे मऊ चीज गोड करून थापून साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि पिस्ते लावतात. कातानियात त्याऐवजी मध घातलेली तांदळाची लांबट भजी करतात. ती बेनेडिक्टाइन मठातून आल्याचे मानले जाते.

पालेर्मोच्या जुन्या वस्त्यांत आदल्या रात्री मोडके लाकूडसामान पेटवून होळ्या करतात. रागूझा प्रांतातल्या शिक्ली गावी फुलांच्या झुली पांघरलेल्या घोड्यांची मिरवणूक निघते. पवित्र कुटुंबाने इजिप्तला केलेल्या पलायनाची ती आठवण.

1870 मध्ये पोप नववे पायस यांनी योसेफाला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता घोषित केले. इटलीत 1977 मध्ये या दिवसाची सार्वजनिक सुट्टी रद्द झाली, पण पितृदिन म्हणून 19 मार्च तिथे आजही पाळतात. एकोणिसाव्या शतकात सिसिलीतून गेलेल्या स्थलांतरितांनी ही वेदी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला नेली. तिथे आजही दर्शनाला येणाऱ्याच्या हातावर बाकल्याचा एक सुका दाणा ठेवतात. तो पाकिटात बाळगला की पैशाची ददात पडत नाही, अशी श्रद्धा आहे.