विस्कॉन्सिनच्या तळघरातून निघालेला केसपेपर

नोव्हेंबर 2023मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीसीएसची याचिका ऐकायलाच नकार दिला, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत 14 कोटी डॉलरच्या दंडात्मक भरपाईचा आकडा झळकला. समोरची कंपनी होती एपिक सिस्टिम्स, हॉस्पिटलांसाठी संगणकावरचा केसपेपर बनवणारी. हे नाव अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं असेल, कारण ही कंपनी शेअर बाजारात नाही. पण अमेरिकेत मुलीकडे राहून आलेल्या एखाद्या आजीला तिथल्या डॉक्टरांनी ‘मायचार्ट’वर रिपोर्ट बघायला सांगितलं असेल, तर ते अ‍ॅप हिचंच. कंपनी उभी करणाऱ्या ज्युडी फॉकनर ऐंशी ओलांडल्यावरही तिच्या प्रमुख आहेत.

फॉकनर यांचा जन्म 1943चा. बालपण न्यू जर्सीत गेलं, वडील फार्मासिस्ट होते. 1965मध्ये डिकिन्सन कॉलेजातून गणिताची पदवी घेऊन त्या संगणकशास्त्र शिकायला मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात आल्या. तिथे वॉर्नर स्लॅक नावाचे एक डॉक्टर वेगळ्याच खटपटीत होते. पेशंटला थेट संगणकासमोर बसवायचं आणि त्याचा पूर्वेतिहास यंत्रानेच प्रश्न विचारून नोंदवायचा, हा प्रयोग ते साठच्या दशकात करत होते. त्यांच्याकडे फॉकनर वैद्यकातला संगणक शिकल्या. पुढे विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे एक साधी मागणी केली. एकाच पेशंटची माहिती वर्षानुवर्षं सलग दिसेल असं काहीतरी करून द्या.

मागणी साधी, काम मात्र अवघड. त्या काळी हॉस्पिटलात संगणक यायचा तो बहुधा बिलासाठी, आणि बिलाला पेशंटचा मागचा-पुढचा इतिहास लागत नाही. फॉकनर यांनी त्यासाठी मम्प्स ही भाषा वापरली. ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात जन्मली. हिच्यात माहिती तक्त्यात नाही, झाडासारखी साठते. पेशंटचा क्रमांक हे खोड, त्याला तारखेची फांदी, तारखेला तपासणीची आणि टोकाला आकडा. एकाच्या दोनशे तपासण्या झाल्या, दुसऱ्याचा नुसता रक्तदाब मोजला, तरी न झालेल्या तपासण्यांचे रकाने रिकामे पडून राहत नाहीत. जुन्या, तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रांवर ही मोठीच सोय होती. आजच्या प्रोग्रामरना ही भाषा दाखवली तर ते कपाळाला हात लावतात, कारण तिच्यातल्या आज्ञा एकेका अक्षरात उरकतात. एपिकचा पाया अजूनही त्याच वंशातला आहे.

1979मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जॉन ग्रीस्ट यांच्यासोबत फॉकनर यांनी ह्युमन सर्व्हिसेस कॉम्प्युटिंग ही कंपनी काढली. जागा मॅडिसनमधलं एक तळघर, भांडवल मित्र-नातेवाइकांकडून गोळा केलेले सुमारे 70 हजार डॉलर, आणि माणसं म्हणायची तर दीड. एपिक हे नाव नंतरचं. त्यानंतर बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा त्यांनी घेतला नाही, दुसरी कंपनी विकत घेऊन वाढायचा मार्गही टाळला. स्टार्टअपच्या आजच्या पठडीत न बसणारी गोष्ट हीच, आणि माझ्या मते बाकी सगळं तिच्यामागून आलं. घाई करायला लावणारं कोणी डोक्यावर नव्हतं. अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर, मग बिलाचं, मग 1992मध्ये विंडोजवर चालणारा ओपीडीचा केसपेपर, अशी एकेक वीट चढत गेली.

खरी उडी 2003ची. कायझर परमनेंटे या अवाढव्य आरोग्यसंस्थेने आयबीएमबरोबरचा प्रकल्प अर्ध्यावर सोडून एपिकला काम दिलं. 2009मध्ये ओबामा सरकारने केसपेपर संगणकावर नेणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून 44 हजार डॉलरपर्यंत प्रोत्साहन देऊ केलं, न नेणाऱ्यांना पुढे कपातीची तंबीही दिली. हॉस्पिटलांची एकच धावपळ उडाली. तीस वर्षं दुकान मांडून बसलेल्या कंपनीच्या दारी गिऱ्हाईक चालत आलं.

टीसीएस या कथेत आली तीही कायझरमार्गेच. तिथल्या एपिकच्या चाचणीचं काम टीसीएसकडे होतं. फक्त ग्राहकांसाठी असलेल्या एपिकच्या वेबसाइटवर टीसीएसच्या माणसांनी अधिकार नसताना शिरून कागदपत्रं उतरवली आणि आपल्या ‘मेड मंत्रा’ या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरची तुलना त्यावरून केली, असा दावा 2014मध्ये दाखल झाला. टीसीएसने आरोप नाकारले. 2016मध्ये ज्युरीने 94 कोटी डॉलर ठोठावले. जिल्हा न्यायालयाने ते 42 कोटींवर आणले, अपील न्यायालयाने दंडात्मक भाग आणखी कापायला लावला. शेवटी उरले 28 कोटी, निम्मी नुकसानभरपाई आणि निम्मा दंड.

एपिकवरचे आक्षेपही जुनेच आहेत. एपिकवाल्या दोन हॉस्पिटलांत कागद सहज फिरतो, बाहेर न्यायचा म्हटलं की अडतो, ही तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. पेशंटची माहिती इतर अ‍ॅपना खुली करणारा नियम सरकार आणत होतं, तेव्हा जानेवारी 2020मध्ये फॉकनर यांनी हॉस्पिटलप्रमुखांना ईमेल धाडून त्याला विरोध करायची गळ घातली. कारण दिलं गोपनीयतेचं. ते अगदीच पोकळ नव्हतं, पण बंद दारांचा फायदा कोणाला होतो हेही न कळण्याइतकं बाजूचं जग भोळं नव्हतं. दोन महिन्यांत नियम झालाच. क्लिक करून करून बोटं दुखतात, पेशंटकडे बघायला वेळ उरत नाही, हे डॉक्टरांचं गाऱ्हाणं वेगळं. डेन्मार्कमध्ये 2016मध्ये एपिक बसवल्यावर तिथल्या डॉक्टरांनी ते फार मोठ्याने मांडलं.

कंपनीचा मुक्काम आता मॅडिसनजवळच्या व्हेरोना गावी, शेतजमिनींच्या कडेला. तिथे जमिनीखाली अकरा हजारांवर माणसं बसतील असं सभागृह आहे आणि वार्षिक मेळाव्यात फॉकनरबाई वेषांतर करून भाषणाला उभ्या राहतात. आपल्या संपत्तीतला 99 टक्के वाटा दान करण्याचं वचन त्यांनी 2015मध्ये दिलं. मताधिकाराचे शेअर मात्र त्यांच्या पश्चात कुटुंबीय आणि जुन्या सहकाऱ्यांच्या विश्वस्त व्यवस्थेकडे जाणार आहेत. अट अशी की कंपनी विकण्याच्या किंवा शेअर बाजारात नेण्याच्या बाजूने विश्वस्तांना मत देता येणार नाही.