वनोपज संकलन व वनस्पतिसमुदाय

लाकूड वगळून रानातून गोळा केली जाणारी फळे, बिया, पाने, साल, मुळे, डिंक इत्यादींना अकाष्ठ वनोपज म्हणतात. ‘गौण वनोपज’ ही जुनी प्रशासकीय संज्ञा. तिच्यातील ‘गौण’ महसुलाच्या हिशेबाने आले आहे, वनस्पतीच्या नव्हे.

संकलनाचा परिणाम मुख्यतः कोणता भाग काढला यावर ठरतो. मूळ उपटले की रोपच जाते. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली तर झाड सहसा मरते. फळांचे गणित वेगळे आहे. झाडांचे आकारानुसार गट पाडून प्रत्येक गटातील किती झाडे तगतात, वाढतात व नवी रोपे देतात याची सारणी मांडतात. तिच्यावरून समष्टीच्या, म्हणजे एका ठिकाणच्या एकाच जातीच्या सर्व झाडांच्या, वाढीचा दर (लॅम्डा) काढतात; तो १ च्या खाली गेला की समष्टी घटू लागते. दीर्घायुषी वृक्षांत हा दर नवीन रोपांपेक्षा प्रौढ झाडे तगण्यावर अधिक अवलंबून असतो. त्यामुळे बरीच फळे नेली तरी तो फारसा हलत नाही.

ॲमेझॉनच्या जंगलातील ब्राझील नट या वृक्षाविषयी, ज्याच्या बिया खाण्यासाठी गोळा करतात, मात्र मतभेद आहेत. संशोधक पेरेस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ब्राझील, पेरू व बोलिव्हियातील २३ समष्टींची तुलना प्रसिद्ध केली. जेथे दीर्घकाळ व जोरकस संकलन झाले, तेथे कोवळी झाडे जवळजवळ नव्हती. पुढील काही अभ्यासांत पडीक टाकलेल्या शेतजमिनींवर याच वृक्षाची रोपे भरपूर आढळली. उजेड मिळतो आणि अगूटी हा कृंतक (उंदराच्या गटातील कुरतडणारा) प्राणी बिया तेथे पुरून ठेवतो. वृक्ष शेकडो वर्षे जगत असल्याने एका वेळच्या आकाररचनेवरून ऱ्हास ठरवणे धाडसाचे होय. स्थानिक परिस्थितीला महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

बहुतेक संशोधन एकेका जातीपुरते आहे. समुदायावरचे, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या अनेक जातींवरचे, काम तुरळक. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला की इतर जातींची रोपेही जळतात, हा परिणाम एका जातीच्या सारणीत उमटत नाही. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांत आवळ्याच्या दोन जातींवर फळे काढण्यापेक्षा बांडगूळ व घाणेरी यांचा भार अधिक असल्याचे दिसते.

निवडक संकलनाने जातीचे रूपही बदलू शकते. पूर्व हिमालयातील ‘सॉस्युरिया लॅनिसेप्स’ या हिमकमळाची उंच, फुललेली रोपे औषधासाठी खुडतात; त्यांना बी धरण्याची संधीच मिळत नाही. लॉ व सॅलिक या संशोधकांनी २००५ मध्ये वनस्पतिसंग्रहांतील जुने नमुने तपासून सुमारे शतकभरात या जातीची उंची घटल्याचे दाखवले. जवळच्या, पण फारशा न खुडल्या जाणाऱ्या ‘सॉस्युरिया मेडुसा’ जातीत तशी घट आढळली नाही.