बादलीतली घटका: लहान मुलांच्या आंघोळीच्या खेळाविषयी

आमच्या घरी एक पिवळं बदक होतं. मऊ, दाबलं की चिरकणारं, पोटाला बारीक भोक असलेलं. धाकटी दोन वर्षांची असताना एके दिवशी तिनं ते दाबलं आणि पाण्यात काळे कण उतरले. मी कात्री घेऊन ते उभं चिरलं. आतून बोट फिरवलं तर शेवाळासारखा काळा, बुळबुळीत थर बोटाला आला. बाहेरून रोज धुतलेलं, पुसलेलं बदक, पण आत कुणाचाच हात पोचत नव्हता. कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात आंघोळीच्या वस्तू आल्या, त्या या प्रसंगानंतरच.

२०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी खेळणी कापून तपासली होती. आतल्या थरात एका चौरस सेंटिमीटरला साडेसात कोटींपर्यंत जंतूंच्या पेशी आढळल्या. घरोघरी वापरलेल्या खेळण्यांपैकी जवळजवळ ६० टक्क्यांत बुरशीही होती. आत साचलेलं कोमट पाणी, साबण, अंगाचा मळ हे तर असतंच, पण मऊ प्लास्टिकमधून सुटणारा कार्बनही जंतूंना पोसतो. हे सगळे जंतू आजारी पाडतातच असं नाही. तरी तेच पाणी पोर डोळ्यांवर उडवून घेतं, तोंडात घेतं.

म्हणून आमचा नियम एकच आहे. वस्तूच्या आत पाणी शिरत असेल, तर आतपर्यंत आपली बोटंही गेली पाहिजेत. बांबूची पिचकारी छान दिसते आणि गिऱ्हाईक मागतंही, पण तिच्या पोटात तीच काळी बुरशी धरते. म्हणून ती आम्ही ठेवत नाही.

बुडती वाटी

आमच्याकडची सगळ्यात आवडती वस्तू ही. तांब्याची छोटी वाटी, कड आत दुमडलेली, बुडाला सुईएवढं छिद्र. पाण्यावर अलगद सोडली की तरंगते. छिद्रातून बारीक कारंजं वर येतं, वाटी हळूहळू भरते, कड पाण्याला टेकते आणि एकदम गपकन तळाला जाते. कल्पना आमची नव्हे. घड्याळं नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त अशाच घटिकापात्रावर धरत. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, अशा साठ घटकांचा दिवस. ‘घटका भरली’ हे आपण आजही म्हणतो, ते या भांड्यावरूनच आलं.

आमची वाटी मात्र पाच ते सात मिनिटांत बुडते. प्रत्येक वाटीचं छिद्र थोडं वेगळं असतं, म्हणून प्रत्येक वाटी बुडवून, वेळ मोजून चिठ्ठीवर लिहून देतो. आंघोळ सुरू करताना मुलाच्याच हातून ती पाण्यावर सोडा. ‘चल आता, पुरे’ म्हणून ओढाताण करावी लागत नाही, कारण बाहेर यायला वाटी सांगते. राजारामपुरीतल्या एका आजींनी नातवासाठी नेली होती. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, “पोरगं आता सोताच वरडतंय, घटका भरली म्हणून!”

छिद्रात केस अडकला तर वाटी बुडतच नाही. भास्कराचार्यांच्या लेकीच्या, लीलावतीच्या लग्नात घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकला होता अशी आख्यायिका आहे, आपल्याकडे ते काम केस करतात. सुईनं मोकळं करा. वाटी काळवंडली, हिरवा गंज दिसला, तर चिंचेनं घासून धुवा, पुसून कोरडी ठेवा.

करवंटी, भोपळा, पांगारा

आमच्या करवंट्या खानावळीतून येतात. पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध लागतंच, तेव्हा आपल्या गावात करवंट्यांना तोटा नाही. आम्ही त्या बाहेरून तासून, पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून, जवसाचं तेल लावून देतो. जवसाचं तेल सुकून घट्ट होतं, खोबरेल तसं होत नाही आणि पुढं त्याला खवट वास येतो. एका करवंटीतून दुसरीत पाणी ओतणं एवढ्या खेळात दोन वर्षांचं मूल पंधरा मिनिटं रमतं.

भोपळ्याबद्दल आधी घरातल्या आजोबांना विचारा. रंकाळ्यात किंवा मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीला काय बांधलं होतं? वाळका भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचं ओंडकं. दोन्ही इतकी हलकी की माणसाला तोलून धरतात, मग बादलीत का नाही तरंगणार? आमचा भोपळा वेलावरच वाळू दिलेला, अख्खा असतो. हलवला की आतल्या बिया खुळखुळतात. त्याला तडा गेला तर त्याच दिवशी काढून टाका, कारण आत पाणी शिरेल आणि बिया बाहेर येतील. होडी पांगाऱ्याची आहे, बिनरंगाची. लाखेचे रंग चढवलेली खेळणी आम्हालाही आवडतात, पण लाख उन्हात-पाण्यात टिकत नाही. ती दिवाणखान्यातच ठेवावीत.

घोसाळ्याची जाळी अंग घासायला सगळ्यांना माहीत आहे. तिच्या दोन बोटं जाडीच्या चकत्या कापून पाण्यात टाकून पाहा. आधी कडक, खरखरीत चकती वर तरंगते, मग पाणी पीत पीत मऊ होते, आणि दाबली की बुडबुडे सुटतात. वर्षाच्या आतल्या बाळाचं अंग मात्र तिनं घासू नका. जाळी ओलीच राहिली तर तीही जंतूंचं घर होते, म्हणून दर महिन्याला बदला. जुनी कुंडीत पुरली तरी चालते.

इचलकरंजीच्या सुती कापडाचा हातभर चौकोन आम्ही प्रत्येक खरेदीबरोबर फुकट देतो. त्याचा खेळ असा: कापड भिजवा, पाण्यावर पसरा, चारी टोकं धरून खाली दाबा. मधे हवा अडकून पांढरा फुगा वर येतो, कारण ओल्या विणीतून हवा सहज सुटत नाही. फुगा बोटानं दाबला की सगळ्या कापडातून फसफस बुडबुडे येतात. घरी जुनं धोतर असेल तर त्याचंच करा, विकत घ्यायची गरज नाही.

हे नक्की वाचा

मूल पाण्यात असताना दाराची बेल वाजो की फोन, त्याला एकटं सोडू नका. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. आंघोळ झाली की बादली, टब, घंगाळ लगेच रिकामं करा. बंबाचं असो की सोलरचं, आधी गार पाणी घ्या, मग त्यात कढत घाला, आणि कोपर बुडवून बघा.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं आम्ही म्हणणार नाही. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते, म्हणून फेसाच्या खेळासाठी रिठा देत नाही. त्याऐवजी परसातल्या जास्वंदीची पानं पाण्यात चुरडू द्या. बुळबुळीत, हिरवट रस मुलांना फार आवडतो. बाजारातल्या फुलापानांवर फवारणी झालेली असू शकते, ती नकोत.

आमची कुठलीही वस्तू ५ सेंटिमीटरपेक्षा लहान नाही, कारण लहान गोष्टी घशात अडकू शकतात. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, आणि आमची होडी अशाच एका सुताराच्या हातची आहे. दुसरीकडून खेळणं घेताना हे चिन्ह बघून घ्या.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, कोल्हापुरात काहीच वाळत नाही. त्या दिवसांत भोपळा, होडी आणि घोसाळं कोरडं करून माळ्यावर ठेवा आणि फक्त तांब्याची वाटी व कापड वापरा. कापड इस्त्रीनं वाळवता येतं. नवरात्रात होडी घेऊन या, पुन्हा घासून तेल लावून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.