स्प्रिंग कोणाला आणि कधी? कोकणातल्या हृदयरुग्णांसाठी स्टेंटची पार्श्वभूमी

‘काकांना स्प्रिंग टाकली’ हे आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत ऐकू येतं. स्प्रिंग म्हणजे स्टेंट, हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीला आतून टेकू देणारी धातूची बारीक जाळी. कोणी कोल्हापूरला जाऊन आलेलं असतं, कोणी गोव्यात बांबोळीला, कोणाला मुंबईच्या मुलाने नेलेलं असतं. थोडं खोलात विचारलं की कळतं, या स्प्रिंगा दोन अगदी वेगळ्या प्रसंगी बसलेल्या असतात. एकाला मध्यरात्री छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला आणि गाडीत घालून त्याला घाट चढवला. दुसऱ्याला घाटी चढताना छाती भरून यायची, म्हणून तो तपासायला गेला. अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून केलेल्या एक्स-रे तपासणीत, ‘नव्वद टक्के ब्लॉक’ निघाला आणि घरच्यांनी घाबरून तिथेच सही केली. स्टेंट दोघांचाही सारखाच, पण त्यातून दोघांच्या पदरात पडलेलं सारखं नाही. हे स्पष्ट व्हायला वैद्यकशास्त्राला चाळीसेक वर्षं लागली.

हृदयापर्यंत नळी नेता येते, हे आधी कोणाला खरं वाटत नव्हतं. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हातातल्या शिरेतून नळी हृदयात सरकवली, तशीच आत ठेवून तो चालत एक्स-रेच्या खोलीत गेला आणि पुरावा म्हणून फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी त्याला झिडकारलं. १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेलचा वाटा मिळाला. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या तपासणीत रंगद्रव्य चुकून थेट हृदयाच्या उजव्या धमनीत गेलं. रोग्याचं हृदय क्षणभर थांबलं, त्याला जोरात खोकायला लावल्यावर पुन्हा चालू झालं. या अपघातातून आजची अँजिओग्राफी निघाली. १९६४ मध्ये चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची पायाची धमनी आतूनच नळीने मोकळी केली.

डॉटरची कल्पना हृदयापर्यंत नेली ती आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी. झुरिकमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पत्नी आणि सहकाऱ्यांच्या मदतीने बारीक नळीवर प्लास्टिकचे फुगे बसवून पाहायचे. फुगा फुगून धमनीच्या भिंतीवर दाब यायला हवा, पण ठरावीक जाडीपुढे तो फुगता कामा नये, एवढं साधायलाच कित्येक महिने गेले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या जागत्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत तो फुगा फुगवला. रुग्णाची छाती दुखायची थांबली आणि ती धमनी दहा वर्षांनंतर पाहिली तेव्हाही उघडीच होती. ग्रुन्झिग मात्र १९८५ मध्ये विमान अपघातात गेले.

पण सगळ्यांच्या धमन्या अशा उघड्या राहिल्या नाहीत. फुगा काढून घेतला की काहींची भिंत लगेच आत कोसळायची. तीस ते चाळीस टक्के रुग्णांची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. आतून टेकू देण्यासाठी म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला झाक पुएल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिक सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट बसवले. वस्तू केवढीशी! साधारण तीन मिलिमीटर रुंद, वीसेक मिलिमीटर लांब अशी धातूची जाळी. ती मिटलेल्या फुग्यावर आवळून बसवलेली असते. फुगा फुगला की जाळी उघडून भिंतीत रुतते, मग फुगा बाहेर येतो आणि जाळी कायमची आत राहते.

रक्ताला मात्र हा धातू परका. त्यावर गुठळी धरायची, म्हणून रुग्णाला रक्त पातळ करणारी जबर औषधं द्यावी लागत आणि रक्तस्रावाने माणूस बेजार व्हायचा. मिलानच्या अँतोनियो कोलंबो यांनी १९९५ मध्ये दाखवलं की जाळी जास्त दाबाने नीट बसवली आणि ॲस्पिरिनच्या जोडीला प्लेटलेटवर, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तकणांवर, काम करणारी दुसरी गोळी दिली, तर त्या जहाल औषधांची गरज राहत नाही. माझ्या मते या इतिहासातलं हे सगळ्यात कमी गाजलेलं मोठं काम. आज स्टेंट बसवलेल्या प्रत्येकाच्या घरी दिसणारी दोन गोळ्यांची जोडी तिथूनच आली. पुढे जाळीभोवती मांस वाढून धमनी पुन्हा अरुंद होऊ लागली, तेव्हा १९९९ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलोला एदुआर्दो सौझा यांनी औषधाचा लेप असलेला स्टेंट पहिल्यांदा बसवला. २००६ च्या सुमारास या स्टेंटमध्येही उशिरा गुठळ्या होतात असं दिसून मोठी खळबळ उडाली. मग जाळीच्या तारा बारीक झाल्या, लेप सुधारले. आता बसवतात ते याच पिढीतले.

आता परिणामांकडे. हार्ट अटॅक चालू असताना बंद धमनी फुग्याने उघडणं, म्हणजेच अँजिओप्लास्टी, हा जीव वाचवणारा उपचार आहे, यात शंका नाही. २००३ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेल्यांत सुमारे ९ टक्के मृत्यू होते, थेट अँजिओप्लास्टी केलेल्यांत सुमारे ७ टक्के.

चालताना दुखणाऱ्या, पण स्थिर असलेल्या छातीची गोष्ट वेगळी. २००७ च्या ‘करेज’ चाचणीत २,२८७ रुग्ण होते. चांगल्या गोळ्यांवर स्टेंटची भर घालूनही मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीत भारतातलेही रुग्ण होते. २०२० मध्ये तिचा निष्कर्षही त्याच दिशेचा आला. कारण धमनीच्या आजारातच आहे. चरबीचा थर एकाच जागी नसतो, तो लांबवर पसरलेला असतो आणि अटॅक अनेकदा तिथे येतो जिथे अडथळा निम्माच दिसतो, पण थराचं आवरण पातळ असून ते फुटतं. स्टेंट एका जागेला टेकू देतो. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सगळ्या भिंतींवर काम करते. दुखणं मात्र स्टेंटने कमी होतं, २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ चाचणीत तेही नीट सिद्ध झालं. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असेल, हृदयाचं पंपिंग कमकुवत असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल तर हिशेब बदलतो. मधुमेह असून बऱ्याच धमन्यांत अडथळे असतील तर बायपास सरस ठरते. म्हणून ‘नव्वद टक्के’ ऐकल्यावर घरच्यांनी शांतपणे विचारावं : हा अटॅक आहे का? नसेल तर गोळ्यांनी किती भागेल? हा प्रश्न विचारायचा त्यांचा हक्कच आहे.

कोकणात खरी अडचण पहिल्या रुग्णाची, मध्यरात्री अटॅक आलेल्याची. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो आणि रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, तेही आंबा घाटातून. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो घाटही खचला होता. आता कोकणातही काही ठिकाणी कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायच्या खोल्या, झाल्या आहेत, तरी देवगड-राजापूरच्या खाडीकाठच्या वाडीला त्या लांबच. अशा ठिकाणांसाठी नियम स्पष्ट आहे : निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात ताबडतोब द्यायचं आणि मग रुग्णाला पुढे न्यायचं. इंजेक्शन लागू पडलं तर अँजिओग्राफी २ ते २४ तासांत करता येते. १९८८ च्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि साधी ॲस्पिरिन मिळून मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले होते. तरी पहिला तास आपल्याकडे पित्तावर जातो. सोडा पितात, कोकम सरबत पितात, छातीला बाम चोळतात, सकाळ होण्याची वाट बघतात. घाम आणि कळ एकत्र आली की ईसीजी आधी, बाकी सगळं नंतर.

खर्चाचं ओझं थोडं हलकं झालंय. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये रायगडला आणि २०१३ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गालाही लागू झाली. तीच आताची महात्मा फुले योजना. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. तोवर लाखाच्या वर लावला जाणारा औषधाच्या लेपाचा स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला, साधा ७,२६० वर.

घरी परतल्यावर जोडीतली दुसरी गोळी स्थिर रुग्णाला बहुधा सहा महिने आणि अटॅकनंतर बहुधा वर्षभर घ्यावी लागते, ॲस्पिरिन त्याहून पुष्कळ पुढे. आंब्याच्या हंगामात तालुक्याला जायला वेळ होत नाही, पाकीट संपतं, बरं वाटत असतं म्हणून गोळी राहून जाते. दात काढायचा म्हणून कोणीतरी ती बंद करायला सांगतं. पहिल्या काही महिन्यांत असं झालं तर जाळीत गुठळी होऊन थेट मोठा अटॅक येऊ शकतो. गोळी थांबवण्याआधी, मग ती एका दिवसासाठी का असेना, फायलीवरच्या नंबरवर फोन करून स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारावं.